एकशे बारा नंबरचा दगड

"हे लोक प्रेमात पडले की काय करायचे?"

हा प्रश्न माझा नव्हता. बेगोन्या आणि लियोनोर, माझ्या दोन जिवलग छळवादी मैत्रिणी, त्यांचा होता. सहलीच्या बसमध्ये पैज लागली आणि मी विचारून मोकळी झाले. तीस जणांसमोर, डोंगरमाथ्यावरच्या त्या पडक्या तटबंदीत, बोचऱ्या वाऱ्यात उभी राहून.

तिथे राहणाऱ्या जुन्या लोकांची माहिती सांगत होता सातुर. आमच्याच शाळेतला, शेजारच्या वर्गातला. इथल्या उत्खननाचं काम त्याच्या आईकडे, म्हणून हा दर शनिवारी इथे दगड मोजतो. वर्ग खिदळला. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. भुवईला माती लागलेली, आणि डोळे... जाऊ दे.

"त्याबद्दल पुरावा नाही," तो म्हणाला.

बस्स, एवढंच. मी मेहनतीने वेणी घातली होती, ती याच्यासाठी?

खरं तर त्या डोंगराचा मला जन्मापासून वैताग. आमचं गाव त्याच्या पायथ्याशी. बालवाडीपासून प्रत्येक बाई आम्हाला तिथेच नेतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे केल्टिबेरियन लोक, त्यांची तटबंदी, आणि शत्रूचे घोडे अडवायला तटापुढे उभे रोवलेले शेकडो टोकदार दगड. सगळं पाठ. तरीही पुढच्या शनिवारी मी सायकल दामटत वर गेले.

चाकाखाली रानओवा चिरडून वास सुटला होता. सातुर त्या दगडांमध्ये उकिडवा बसला होता.

"काय करतोयस?"

"मोजतोय."

"किती झाले?"

"तू बोललीस आणि विसरलो."

"म्हणजे माझा परिणाम होतो तुझ्यावर."

"पुरावा नाही," तो म्हणाला. पण कान लाल झाले होते. ते मी नोंदवून ठेवलं.

मग त्याने एक खड्डा दाखवला. रिकामा, चौकोनी. "हा एकशे बारा. कोणीतरी उपटून नेलाय. जून संपता संपता नकाशा सोरियाच्या संग्रहालयाला द्यायचाय, आणि हा एकच सापडत नाही."

 एकशे बारा कुठे आहे ते मला माहीत होतं. आमच्या दारात. माझ्या पणजोबांनी बैलजोडी लावून तो खाली ओढत आणला आणि आडवा टाकून बाक केला. यात चोरीबिरी कुणाला वाटत नाही. अर्ध्या गावाच्या भिंती त्याच डोंगरावरच्या दगडांच्या आहेत. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळी गल्ली आपापल्या खुर्च्या घेऊन दाराबाहेर गार हवेला बसते. बाबा तेवढे खुर्ची आणत नाहीत. ते दगडावर बसतात, राजासारखे.

सांगितलं तर हा वहीत लिहिणार, नकाशा पुरा होणार, आणि संपलं. म्हणून मी म्हटलं, "आमच्या गावात जुने दगड ढिगाने आहेत. येऊन बघ की."

आला. एक नाही, चार शनिवार. आणि काय सांगू, असा मुलगा मी पाहिला नाही. चर्चची भिंत मोजली. कासिल्दा मावशींचा मेंढवाडा मोजला, त्या म्हणाल्या, "पोरा, मेंढ्यासुद्धा मोजून टाक, मला जमत नाही." गुरांच्या पाण्याचं कुंड मोजलं. मी निळा स्वेटर घातला, केस मोकळे सोडले, याने टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं तर "सॉरी". आणि दमला की आमच्याच दारात, त्याच दगडावर बसून पाणी प्यायचा. ज्याच्यावर बसलाय तोच शोधतोय... मी हात माझ्या कपाळावर मारायचा की त्याच्या?

शेवटच्या शनिवारी तो म्हणाला, "सोमवारी नकाशा जाणार. एकशे बारा हरवला म्हणून लिहितो."

त्याच्या आईच्या नकाशात भोक. माझ्यामुळे. मला राहवलं नाही.

"अरे बावळटा, ज्याच्यावर बसलायस ना, तोच आहे तो."

तो हलला नाही. पाण्याचा पेला खाली ठेवला.

"माहीत आहे."

"काय?"

"पहिल्याच शनिवारी कळलं. रुंदी खड्ड्याएवढीच आहे."

माझं डोकं फिरलं. "मग लिहिलं का नाहीस? चार शनिवार मला त्या मेंढवाड्यात टेप धरायला लावलीस, मेंढ्यांच्या वासात—"

"लिहिलं असतं तर..." तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. "तर इथे यायला कारण उरलं नसतं."

वारा पडला होता. समोरच्या खिडकीत कासिल्दा मावशी पडदा झटकत होत्या. झटकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"पुरावा?" मी विचारलं.

त्याने वही पुढे केली. शंभर, एकशे एक, सगळ्या ओळी भरलेल्या: उंची, रुंदी, कल. एकशे बाराच्या ओळीत मापं नव्हती. पेन्सिलीने लिहिलेल्या चार तारखा होत्या. चारही शनिवारच्या. पहिलीपुढे बारीक अक्षरात: निळा स्वेटर.

"आणि तू का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"याच कारणाने," मी म्हटलं. मग मी त्याच्याशेजारी बसले. दोघांना तो दगड जरा अपुराच पडतो. बरं झालं.

तेवढ्यात बाबांचा ट्रॅक्टर गल्लीत शिरला. आई हात पुसत दारात आली. एवढ्या दिवसांच्या वैतागातून एक गोष्ट मला लख्ख कळली होती, आणि ती लगेच सांगून टाकलेली बरी.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या आपला दगड वर जाणार, त्याच्या खड्ड्यात. ट्रॅक्टर लागेल."

बाबांनी इंजिन बंद केलं. "आणि मी कुठे बसू?"

"खुर्ची आणा. गल्लीतल्या सगळ्यांसारखी."

बाबा दगडाकडे बघत राहिले, मग सातुरकडे. त्याचा एक हात अजून वहीवर होता, दुसरा माझ्या हातात.

"दगड गेल्यावर," आईने सावकाश विचारलं, "हा मुलगा इथे कशाला येणार?"

"दर शनिवारी जेवायला येणार," मी म्हटलं. "काही कारण नाही. असाच येणार."