उणे तेवीस

पडद्यावर उणे तेवीस हा आकडा उमटला आणि डॉ. मंदाकिनी सबनीस यांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. फिरोज मुकादम नुसता वैतागला. मोबाईलची ओढ मोजणारा हा ओढमापक चार वर्षांपूर्वी त्यानेच केंद्रासाठी बांधला होता आणि आपल्या यंत्राने असा वेडेपणा केलेला त्याला खपत नसे.

"उणे ओढ असते का कुठे, मॅडम? रिकाम्या डब्यातून मूठभर तांदूळ काढल्यासारखं झालं. या माणसाने मेंदू बधिर करणारी गोळी घेतलीय. नियम सरळ आहे, अपात्र लिहा."

खुर्चीत बसलेला हरेश्वर गायकर हा गडावरच्या रज्जुमार्गाचा चालक. दीड वर्षापूर्वी मोबाईल बघण्याच्या नादात त्याने बारा माणसांचा पाळणा दरीवर अर्धा तास लटकत ठेवला होता. शून्य ओढीचा दाखला मिळाला तर नोकरी परत, नाहीतर ती कायमची गेली.

"गोळी नाय घेतली," तो खाली बघून म्हणाला. "मॅडमनीच शिकवलं, मोबाईल वाजला की डोळ्यांपुढं चित्र येतं, तीच ओढ. मग मी मनातल्या मनात जाळं विणतो, आई विणायची तसं. जागा एकच, तिथं गाठ बसली की दुसरं काय बसणार?"

"तो बरोबर सांगतोय," बाई म्हणाल्या. "आवड वेगळी आणि ओढ वेगळी. बघण्यातली मजा कधीच संपलेली असते, तरी हात जातो, कारण मनातलं चित्र गोड असतं. ते चित्र किती ठळक आहे, तेवढंच हे यंत्र मोजतं."

"मान्य. पण चित्रच नसेल तर शून्य यावं. शून्याखाली कसं जाईल?"

याला एकच उत्तर होतं आणि ते बाईंना ठाऊक होतं. केंद्राची रीत अशी, की नवं यंत्र आलं की नारळ फोडायचा आणि पहिली बैठक मोठ्या माणसाची. त्या माणसाचं माप ते यंत्राचं शून्य. चार वर्षांपूर्वी ती बैठक बाईंची होती. बाईंना कोण विचारणार, की तुमचं मन स्वच्छ आहे ना म्हणून? मोबाईलच्या ओढीवरचं त्यांचं व्याख्यान तेव्हा गावोगाव बघितलं जात होतं. आणि त्या बैठकीच्या वीस मिनिटं आधी बाई न्हाणीघरात नळ सोडून मोबाईलवर त्याच व्याख्यानाला किती अंगठे पडले ते मोजत होत्या. दिवसातून चाळीस वेळा मोजत. अठ्ठावन्नाव्या वर्षी, डॉक्टर म्हणवून घेताना. एवढी लाज त्यांना कधी कशाची वाटली नव्हती, आणि म्हणूनच त्या गप्प राहिल्या होत्या.

आजही गप्प राहता आलं असतं. अपात्र असा एक शब्द लिहायचा, की हरेश्वर घरी. बाईंनी त्याच्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं.

"फिरोज, यंत्र ठीक आहे. शून्य चुकलंय. ते माझं आहे."

त्यांनी नळासकट सगळं सांगितलं. फिरोजने दाखल्यांची वही ओढून शेवटचा आकडा पाहिला.

"मॅडम, आपण चारशे बारा दाखले दिलेत," तो म्हणाला. "कोणी क्रेन चालवतं, कोणी शाळेची बस. ते सगळे..."

"माझ्याइतकेच ओढलेले आहेत. शून्य नव्याने घ्यायला हवं. तू बसतोस?"

फिरोज खाली वाकून वायर तपासू लागला. वायरला काहीही झालेलं नव्हतं.

मग ज्याला अपात्र ठरवायचं होतं त्या हरेश्वरचंच माप शून्य धरलं. तो शेजारच्या स्टुलावर सरकला आणि बाई स्वतः खुर्चीत बसल्या. "आज संध्याकाळी मी व्हिडिओ टाकते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर चूक कबूल करते."

फिरोजने मोबाईलची घंटी वाजवली. हिशोबाने तेवीस यायला हवे होते. आले एकसष्ट.

"यंत्र बिघडलं बहुतेक," फिरोज हळूच म्हणाला. त्याला बाईंची दया आली होती.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते. घंटी वाजताच काय दिसलं ते त्यांना लख्ख माहीत होतं: कबुली देताना भरून आलेले आपले डोळे, खाली 'केवढा प्रामाणिकपणा' असं लिहिणारी माणसं, आणि भराभर चढत जाणारे अंगठे. "व्हिडिओ राहू दे. चारशे बारा पत्रं लिहू, प्रत्येकाला वेगळं. आणि यांचा दाखला आत्ता लिही."

हरेश्वर उठला नाही. मघाशी फिरोजने तपासलेली वायर त्याने उचलली, तिचा एक फास केला आणि बाईंच्या हातात दिला.

"दुसरं टोक यातून घ्या, मॅडम," तो म्हणाला. "हळू. पहिली गाठ कुणालाच जमत नाय."