गोणीची गाठ

मेणबत्ती राहू दे रे, निहार. लाइट येईल तेव्हा येईल. रुचिता, तूही बस. तुमच्या मोबाइलला चार्जिंग नाही, मला झोप नाही. तोवर एक गोष्ट सांगतो. हवं तर भुताची म्हणा, मी म्हणत नाही. धाकू माझा तीस वर्षांचा दोस्त आहे आणि तो थेंबभरही घेत नाही.

धाकू काशीमीऱ्याच्या बर्फ कारखान्याचा टेम्पो चालवायचा. उत्तनच्या बाजूला होड्यांना बर्फ पोचवायचा. त्यातल्या तारोडी गावाला मात्र चार वर्षं फिरकला नव्हता. काहीतरी सबब काढून दुसऱ्याला पाठवायचा. दोन नोव्हेंबर, दोन हजार बावीस, बुधवार. दुसऱ्या ड्रायव्हरला ताप आला. मालक म्हणाला, आज तूच जा. नोकरी म्हटली की जावंच लागतं.

का जात नव्हता? तारोडीत गर्ट्रूडबाय नावाची विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा कॅल्विन, चोवीस वर्षांचा, होडीवर जाणारा. रात्री किनाऱ्यावरून रेती चोरतात त्यांचे फोटो काढायचा. एका सकाळी तो खाडीत सापडला. कमरेला दोरी, दोरीला दगडांची गोणी. कागदावर आत्महत्या लागली.

बाय म्हणाली, ही गाठ माझ्या पोराची न्हाय. होडीवरचा माणूस गाठ मारतो ती ओली झाली तरी एका हिसक्यात सुटते, त्यावर त्याचा जीव असतो. ही टेम्पोवाल्याची. दोन पीळ देऊन टोक आत खोचलेलं. तिने ती बोटांनी चाचपून पाठ केली. मग चार वर्षं आठवड्याला चौकी, आणि वाटेत दिसेल त्या टेम्पोच्या ताडपत्रीच्या गाठी. लोक वेडी म्हणायचे. मीसुद्धा म्हटलंय, खोटं कशाला बोलू?

गाठ धाकूची होती.

जितेंद्रशेठ रेतीवाल्याने त्या रात्री त्याला रस्त्यात थांबवलं. जुनं जाळं बुडवायचंय म्हणाला, गोणीला दोरी बांधून दे. याने दिली बांधून. दुसऱ्या दिवशी बातमी कळली तसा माझ्याकडे येऊन ढसाढसा रडला. मी म्हटलं, गप्प बस. दोन मुली आहेत तुला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

तर त्या बुधवारी रात्री सव्वाआठला तो तारोडीला पोचला. ख्रिस्ती लोकांचा तो मृतांचा दिवस. किनाऱ्यालगतच्या दफनभूमीत थडग्याथडग्यावर मेणबत्त्या होत्या, माणसं घरी गेली होती. कॅजिटन होडीवाला म्हणाला, थांब, टॉर्च आणतो. धाकू ताडपत्री सोडायला लागला.

दोरी पलीकडून हलली.

तो वाकून बघतो तर बाय. एकेक गाठ चाचपत होती. सावकाश. याच्या बाजूला आली.

"ही तुझ्या हातची हाय?"

धाकूने मान डोलावली.

"लई थकले रे बाबा. पायांत जीव न्हाय राहिला. तू मारला न्हायस त्याला, ठाऊक हाय मला. गाठ मारायला कोणी लावली, तेवढं सांग."

लाटांचा आवाज.

त्याने नाव सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने.

ती टेम्पोला टेकून उभी राहिली. मग...

"आणि गप्प बस कोणी सांगितलं?"

...

तेही सांगितलं त्याने.

टॉर्चचा उजेड आला. "कोणाशी बोलतोयस?" कॅजिटनने विचारलं.

"गर्ट्रूडबाय..."

कॅजिटनने छातीवर क्रूसाची खूण केली. "जूनमध्ये गेली ती. तिच्या थडग्यावर संध्याकाळीच मेणबत्ती लावून आलोय मी."

बर्फ तिथेच उतरवून धाकू थेट चौकीत गेला. रात्रभर जबाब चालला. जितेंद्रशेठ आत आहे, तारखा पडताहेत. धाकूची नोकरी गेली. पण झोप लागते म्हणतो.

काय गं रुचिता? माझं काय झालं, विचारतेस?

... सांगतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाल्कनीत गेलो. आपला तिसरा मजला, ग्रिलला आतून कुलूप. धाकू तेव्हा चौकीतच होता, मला काहीच ठाऊक नव्हतं. कपडे वाळत घालायची माझी दोरी, पंधरा वर्षांची. दोन्ही टोकं जागच्या जागी. आणि मधोमध एक गाठ. दोन पीळ, टोक आत खोचलेलं. ओली, खाऱ्या वासाची.

चौकीत जाऊन मी काय सांगू? गप्प बसवणं कुठल्या कलमात बसतं?

ती गाठ मी सोडली नाही. हात पुढे होतो आणि मागे येतो. कपडे हल्ली घरातच वाळत घालतो.