हिरव्या पोटांचे चोर

"बाटली सांडलीत आणि नळाचं पाणी भरलंत ना? खरं सांगा," मावशी म्हणाली.

मुंगीला रडूच आलं. सुट्टीत आल्यापासून ती आणि दादा मावशीच्या प्रयोगशाळेत घुटमळत, पण बाटल्यांना हात लावत नसत. काल वादळ ओसरल्यावर काकांनी होडीतून जाऊन, बारीक जाळीत गोळा करून आणलेलं खाडीचं पाणी हिरवंगार होतं. दोघांनी स्वतः पाहिलं होतं. आज मात्र ते नितळ!

वादळ समुद्र ढवळतं, हे मावशीनेच शिकवलं होतं. तळाचं खत वर येतं, ऊन पडलं की पाण्यातल्या इवल्याशा हिरव्या वनस्पती फोफावतात. फारच माजल्या की मरून कुजतात, त्यात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. काकांचे माशांचे पिंजरे खाडीतच होते. ते खोल समुद्रात ओढून नेणारी बोट फक्त आजच मिळणार होती.

"खाडी हिरवी झाल्याचा पुरावाच उरला नाही. पिंजरे राहू द्या," मावशीने काकांना सांगितलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर माशांचाही जीव जाणार! मुंगीने डोळे पुसले.

"हात लावत नाही. नुसतं भिंगातून बघू?"

मावशीने भिंग पुढे सरकवलं. मुंगीने तोच होकार मानला.

बाटलीत रव्याच्या कणांएवढे जीव टुणटुण उड्या मारत होते. काचेसारखे आरपार, पण प्रत्येकाचं पोट हिरवं!

"दादा, ह्यांनीच खाल्लंय सगळं."

"घ्या! काखेत कळसा," दादा पुटपुटला.

"पण मावशी, नमुना टिकावा म्हणून औषधाचे थेंब घातले की बाटलीतलं सगळं मरतं ना? मग हे जिवंत कसे?"

मावशी काकांकडे वळली. "अहो, काल मी विचारलं होतं, थेंब घातले का म्हणून."

"घातले की, दोन्ही डोळ्यांत. खारं पाणी उडून नुसती आग होत होती. मला तर काल धड दिसतही नव्हतं."

कोणीही हसलं नाही. म्हणजे खाडी अजून हिरवीच होती! काका बोटवाल्याला गाठायला धावतच सुटले.

पिंजरे संध्याकाळपर्यंत हलले. पुढच्याच आठवड्यात खाडीला कुबट वास सुटला आणि काठावर मेलेल्या खेकड्यांचा खच पडला. बघवत नव्हतं. काकांचे मासे मात्र बाहेर खोल पाण्यात सुखरूप होते.

मावशीने मुंगीला जवळ घेतलं. "तुमच्यावर उगाच आळ घेतला. चुकले मी." मग तिने औषधाची कुपी मुंगीच्या हातात ठेवली. "उद्यापासून थेंब तू घालायचेस."

"बाटलीत," दादा म्हणाला, आणि आता मात्र काकाच सगळ्यांत आधी हसले.