डाव्या हाताची जीप

जीपमध्ये शेजारी बसायचं तर माणूस डाव्या बाजूनं चढतो. ड्रायव्हर उजवीकडं असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विशाखा तशीच घाईघाईनं डावीकडून चढली आणि चिखलानं माखलेला बूट तिनं थेट एका अनोळखी माणसाच्या मांडीवर ठेवला!

“मॅडम... इथं मी बसलोय,” तो माणूस अगदी अदबीनं म्हणाला.

“अहो, पण तुम्ही इकडं कसे काय?”

“स्टिअरिंग इकडंच आहे, म्हणून. डाव्या हाताची गाडी आहे ही. तुम्ही पलीकडून या... आणि जरा लवकर. ओढा चढतोय.”

विशाखा मृदा चाचणी प्रयोगशाळेत नोकरीला होती. परतीच्या पावसानं जरा उघडीप दिली म्हणून फुलंब्रीच्या आतल्या शिवारात मातीचे नमुने घ्यायला आली होती. काळी माती ओली झाली की कशी फुगते, काय काय धरून ठेवते, यावर ती शेतकऱ्यांपुढं तासभर बोलायची. आज त्याच मातीनं तिची कार अर्धी गिळली होती. फोनला रेंज नव्हती, आभाळ पुन्हा भरून आलं होतं आणि डांबरी रस्ता ओढ्याच्या पलीकडं होता. तेवढ्यात ही उघडी, म्हातारी, हिरवी जीप दिसली आणि तिनं दोन्ही हात वर करून ती थांबवली होती.

“मातीच्या ऑफिसातल्या का तुम्ही?” तिच्या हातातल्या नमुन्यांच्या पिशव्यांकडं बघत त्यानं विचारलं.

“हो.”

“मग मातीनं ओळख दाखवली नाही वाटतं.”

एरवी तिनं चांगलंच सुनावलं असतं. पण समोर ओढ्याचं गढूळ पाणी बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यानं गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारचे दोन छोटे दांडे खटकन ओढले. “आता चारही चाकं जोर लावतील,” तो म्हणाला आणि जीप पाण्यात उतरली. बघता बघता पाणी पायाशी आलं. विशाखानं समोरचा दांडा घट्ट धरला.

“काहीतरी बोला,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“काहीही! फक्त थांबू नका.”

मग त्यानं जीपचीच गोष्ट काढली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेला चिखलात न अडणारी हलकी गाडी हवी होती. घाईघाईत नमुना झाला आणि मग विलीज आणि फोर्ड यांनी तशा गाड्या लाखांनी बनवल्या. युद्ध संपलं तशा त्या लिलावात निघाल्या. “स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी जीपा जोडायला घेतल्या. पण ही त्याच्या आधीची, थेट लढाईतली. म्हणून स्टिअरिंग डावीकडं. छावणीच्या लिलावात एका ठेकेदारानं घेतली, त्याच्याकडून आमच्या बाबांनी.”

“आणि जीप हे नाव?”

“त्यावर भांडणं आहेत. कुणी म्हणतं, जी आणि पी या अक्षरांवरनं पडलं. बाबा म्हणतात, हिला ‘जी’ म्हणून विनवलं तरच चालते...”

एवढं बोलून तो एकदम गप्प झाला. मागचं चाक घसरलं होतं. जीप प्रवाहाच्या दिशेनं तिरपी व्हायला लागली. त्याच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

“चल ना जी... चल ना...” तिच्या तोंडून निघून गेलं.

पुढच्या चाकांनी काठ धरला. इंजिन गुरगुरलं, जीप हिसका देऊन वर चढली आणि डांबरावर येऊन थांबली.

“‘जी’ कुणाला म्हणालात?” त्यानं हळूच विचारलं.

“गाडीला!”

“नाही, मला वाटलं...”

“गाडीलाच,” ती म्हणाली, आणि तिचे कान गरम झाले.

त्याचं नाव संघपाल. शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर, घर फुलंब्रीला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिची कार ओढून काढून दिली. त्यानंतर तिला फुलंब्रीच्या बाजूचे नमुने जरा जास्तच लागायला लागले, आणि संघपालच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच पडायला लागल्या. विशाखा उजवीकडं बसायची. गिअर टाकताना त्याचा उजवा हात तिच्या गुडघ्यापाशी यायचा... आणि दर वेळी बोटभर अंतर राखून परत जायचा. त्या बोटभर अंतरावर तिचा जीव टांगलेला असायचा. तो कुठला गिअर कधी टाकतो, जमिनीवरचं गोल बटण पायानं दाबून इंजिन कसं जागं करतो, सगळं तिला पाठ झालं होतं. त्याच्या हातापायांकडं बघण्याचा तो एक सभ्य बहाणा होता.

फुलंब्री नाक्यावर कडूबाच्या हॉटेलात चहा पिताना एकदा संघपाल सरळच म्हणाला, “विशाखा, मला तू आवडतेस. लग्नाचं विचारतोय.”

“बघू,” ती म्हणाली. मनात ‘हो’ होता, पण ओठांवर ‘बघू’च आला. संघपालनं तो ‘बघू’ही हसून खिशात टाकला.

घोटाळा केला तो कडूबानं. जीप हॉटेलासमोरून जाताना त्याला काय दिसायचं? उजव्या बाजूला ऐटीत बसलेली मुलगी. म्हणजे ड्रायव्हर तीच! त्याचं ते हॉटेल म्हणजे बिनतारेचं तार ऑफिस. बातमी संघपालच्या वडिलांपर्यंत, साहेबरावांपर्यंत, पोचायला कितीसा वेळ लागणार?

एका दुपारी संघपाल प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

“बाबा रविवारी तुला बघायला येतायत.”

“अरे वा! मग तोंड का असं?”

“त्यांनी नांदेडची एक मुलगी जवळपास पक्की केली होती. मी नको म्हणत होतो, ते ऐकत नव्हते. मग कडूबा त्यांना म्हणाला, तुमची जीप एक पोरगी चालवते. विशाखा, त्या जीपला ते माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तर ते एकदम खूष! म्हणाले, जी पोरगी डाव्या हाताची गाडी चालवते, तीच माझ्या घरात येणार. नांदेडला नकार कळवून टाकला.”

विशाखाच्या लक्षात यायला एक क्षण लागला. “आणि तू काय म्हणालास?”

तो बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

“संघपाल! तू गप्प बसलास?”

“बाबांना इतकं खूष मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. आणि... तू हातची जाशील, ही भीती वाटली. चुकलं माझं. आज घरी जाऊन सांगतो.”

“आता परस्पर सांगून मला खोटारडी ठरवतोस?” तिचा आवाज चढला. “रविवारी मीच सांगेन. तोंडावर. पोह्यांच्या आधी.”

ती ताडताड आत निघून गेली. खरं सांगितलं तर हा गेला, आणि नाही सांगितलं तर जन्मभर खोट्यावर संसार! दोन्हीकडून मरण. शनिवारी रात्री तिला काही केल्या झोप लागली नाही.

रविवारी शहरात, उस्मानपुऱ्यातल्या तिच्या घरासमोर जीप थांबली. साहेबराव पांढऱ्याशुभ्र शर्टात, मिशीला पीळ. मागं संघपालची आई मनकर्णाबाई आणि अंग चोरून बसलेला संघपाल. “जय भीम, जय भीम” झालं. विशाखाची आई सत्यभामाबाई पोहे घेऊन आल्या. विशाखानं श्वास घेतला. “काका, मला तुम्हाला एक सांगायचंय...”

“आधी माझं ऐक, बेटा.” साहेबरावांचे डोळे चमकत होते. “ह्या गाडीत भोंगा बांधून भीमगीतांचा जलसा घेऊन आम्ही कुठं कुठं हिंडलो म्हणून सांगू! जिथं एसटी नाय, रस्ता नाय, तिथं ही गेली. लढाईत गोरा साहेब बसला आसंल हिच्यात, पर आमच्या वस्त्यांवर पयलं चाक हिचंच लागलं. तिला पारखी माणूस पायजे. मला वाटायचं, माझ्यामागं ही भंगारात जाती. अन् आता तू आलीस.”

त्यांनी खिशातून किल्ली काढली. लोक मुलीच्या ओटीत नारळ घालतात. साहेबरावांनी पोह्यांच्या ताटात किल्ली ठेवली.

“चल. क्रांती चौकापस्तोर एक चक्कर मार.”

सांग, आत्ता सांग — विशाखाचं मन ओरडत होतं. पण संघपालकडं तिची नजर गेली. पांढराफटक पडला होता बिचारा. आणि तिला इतका राग असूनही तो इतका आवडत होता, की तिचा हात आपोआप किल्लीकडं गेला. कार तर आपण रोज चालवतोच की. कितीसा फरक असणार?

फरक भलताच होता! डावीकडं बसल्याबरोबर सगळं जगच उलटं झालं. उजव्या हातात गिअरचा दांडा, आणि पुढं रिक्षांची झुंबड. बटण दाबलं, इंजिन लागलं. पहिला गिअर पडला तो कर्रर्र करत. शेजारी उजवीकडं बसलेल्या साहेबरावांनी दात दुखल्यासारखं तोंड केलं, पण ते काही बोलले नाहीत. एक स्कूटरवाला आरशाला घासून गेला. मागं आईशेजारी बसलेला संघपाल पुटपुटला, “क्लच... पूर्ण...”

“तू गप रे,” साहेबराव म्हणाले. “तिला येतंय.”

ते ‘येतंय’ तिच्या काळजात सुईसारखं टोचलं.

क्रांती चौकात सिग्नल सुटला, आणि भर चौकात जीपनं एक गचका खाल्ला आणि मान टाकली. विशाखानं बटण दाबलं. घरघर झाली, पण इंजिन लागेना. पुन्हा दाबलं. तरी नाही. मागं हॉर्नचा नुसता गदारोळ उठला. एक बसवाला खिडकीतून काहीबाही बोलला. तिनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले.

“काका, मला ही गाडी चालवता येत नाही.”

“आं?”

“कधीच चालवली नाही. मी फक्त उजवीकडं बसायचे. लोकांना वाटलं, मीच चालवते. संघपालनं ते खोडलं नाही आणि आज मीही नाही. चुकलं आमचं. तुम्ही नकार दिलात तरी मी समजून घेईन.” तिनं मागं वळून संघपालकडं बघितलं. “पण एक सांगते, संघपाल मला आवडतो. खूप आवडतो. ही जीप नसती तरी आवडला असता. त्यानं विचारलं तेव्हा मी ‘बघू’ म्हणाले... मला हो म्हणायचं होतं.”

साहेबरावांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते मागं वळले. “व्हय रे? बापाला फशिवलंस?”

संघपालनं मान खाली घातली. “व्हय बाबा.”

तेवढ्यात शिट्टी वाजवत वाहतूक पोलीस आला, आणि तरातरा गेला तो थेट उजव्या बाजूला, साहेबरावांकडं.

“ओ बाबा! चालवता येत नाही तर भर चौकात कशाला आणता? वय काय तुमचं? लायसन दाखवा!”

“मी?” साहेबराव गरजले. “आरं, माझ्याफुडं स्टिअरिंग दिसतंय का तुला?”

पोलिसानं वाकून बघितलं. मग पलीकडं बघितलं. मग पुन्हा साहेबरावांकडं.

“साहेब, गाडी मी चालवतेय,” विशाखा म्हणाली. “चूक माझी आहे. लायसन माझं बघा.”

आणि मागं मनकर्णाबाई हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत.

“तुला काय झालं हसायला?” साहेबराव करवादले.

“आवो, आता कळलं का? माईक घिऊन मी बसायची ना तिथं, उजवीकडं? गावोगावच्या बाया इचारायच्या, ताई, जीप कुठं शिकल्या हो? साहेबरावची बायको गाडी चालवती म्हणून किती नाव झालतं तुमचं. तुम्ही मिशीत हासायचे. एका गावात तरी म्हणले का, नाय, ती नाय चालवीत म्हणून?”

साहेबरावांनी मिशीवरून एकदा हात फिरवला.

“बापाचंच पोरगं हाय ते,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “खोटं बोलत नाय, नुसतं गप बसतं. ही बरी, भर चौकात खरं बोलली. मला तर आजवर जमलं नाय.”

“मावशी, हे घरी जाऊन बोला ना,” पोलीस काकुळतीला आला. “तिकडं पैठण गेटापर्यंत गाड्या लागल्या!”

साहेबराव समोरचा दांडा धरून पुढं सरकले. विशाखाला वाटलं, आता हे उतरतील आणि चालायला लागतील. संघपालही तेच समजून खाली उतरायला निघाला होता.

“क्लच दाब,” साहेबराव म्हणाले.

“काय?”

“क्लच. पुरा दाब, आर्धा नाय. हां. आता चोक बंद कर, तो बारका दट्ट्या. पेट्रोल पाजू पाजू बुडीवलीस तिला. आता बटण. दमानं... दमानं गं बाई, ती बी म्हातारी हाय.”

इंजिन खोकलं, थरथरलं आणि लागलं. गिअर या वेळी मुकाट पडला. जीप हळूच पुढं सरकली. मागच्या बाकावरून पुढं वाकलेल्या संघपालचा श्वास तिच्या मानेला लागत होता. “तो ‘हो’... पुन्हा एकदा म्हणशील?” त्यानं कानाशी विचारलं. “पुढं बघू दे मला,” ती म्हणाली, आणि आरशातून त्याच्याकडंच बघत राहिली.

पोलिसानं हात करून रस्ता मोकळा केला. विशाखाचे डोळे भरून आले होते. ओठ हसत होते. चौक ओलांडता ओलांडता ती म्हणाली, “थँक्यू, मामा!”

“ठीक आहे, निघा आता,” पोलीस म्हणाला.

मघापर्यंत ‘काका’ असलेल्या साहेबरावांनी मान वळवली. “मामा कुणाला म्हणलीस? त्याला का मला?”

“तुम्हाला,” विशाखा म्हणाली.