चारशे मीटरची शांतता

रविवारी दुपारी बारा वाजता डॉ. ऋजुता वर्तक धापा टाकत सावरखोऱ्याच्या निरीक्षणगृहात शिरली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "फिरोज, मला सगळं खोरं एका पडद्यावर हवंय. आत्ता."

डॉ. फिरोज मुलाणी ध्वनिशास्त्रज्ञ. दहा वर्षं तो तिच्याबरोबर काम करत होता आणि तिचा आवाज असा फाटलेला त्याने कधी ऐकला नव्हता.

"ईशान काल सकाळी सायकल घेऊन खोऱ्यात गेलाय," ती म्हणाली. "संध्याकाळी यायचा होता. तिथे फोन लागत नाही. आज आठ वाजता आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तो आला नाही. आईच्या वेळेला मी चुकते, फिरोज. माझा भाऊ नाही चुकत."

फिरोजने पडद्यावर नकाशा आणला. फार पूर्वी धरणासाठी दगड वाहायला डोंगरांतून लाल मुरमाचे रस्ते काढले होते. धरण झालं, गावं उठली, रस्ते मात्र राहिले. रुंद चाकांच्या, वाकड्या हँडलच्या मुरूमसायकली आल्या तशी शहरातल्या लोकांना या रस्त्यांची आठवण झाली. मग व्हायचं तेच झालं. एकांत शोधायला हजार माणसं एकाच वाटेवर जमू लागली आणि एकमेकांकडे रागाने बघत परतू लागली.

त्यावरचा इलाज ऋजुताने शोधला होता. त्याचं नाव मौनकडं. मनगटावर घालायचं, खोऱ्यात असेतो न उघडणारं, उन्हावर चालणारं कडं. ते घातलेल्या माणसाला खोऱ्यात दुसरा माणूस दिसणार नाही, ऐकूही येणार नाही, अशी हमी होती. त्यासाठी तिला तीन पुरस्कार मिळाले होते आणि ते तिने दिवाणखान्यात मांडलेही होते.

दारात धोंडीबा झोरे उभे होते. सावरखोऱ्यातून उठवलेल्या गवळी धनगरांपैकी ते एक, आता बचावपथकाची जीप चालवायचे. पथक म्हणजे ते आणि ती जीप, एवढंच. सोमवार ते शनिवार त्यांना काही काम नसे, रविवारीही क्वचितच.

"नाव टाका की यंत्रात," ते म्हणाले. "कुठं हाय त्ये दावंल."

"नावं नाहीत, मामा," ऋजुता म्हणाली. "कोण कुठे आहे हे कुणालाच कळू नये, हीच तर अट होती. कडी फक्त आपापसात बोलतात. प्रत्येक कड्याभोवती एक निर्जनवर्तुळ असतं, पडद्यावर तेवढंच दिसतं. दुसरं कोणी त्या वर्तुळाच्या कडेला आलं की त्याचं कडं हलकंसं थरथरतं आणि त्याला दुसऱ्या वाटेला वळवतं. का वळवलं, ते सांगत नाही."

"क्येवढं असतं त्ये वर्तुळ?"

"चारशे मीटर त्रिज्येचं," फिरोज म्हणाला. "तो आकडा मी काढलाय. या रानात माणूस कितीही ओरडला तरी त्याचा आवाज चारशे मीटरपलीकडे जात नाही. आम्ही मोजलंय."

"आणि जो थांबतो त्याचं वर्तुळ वाढतं," ऋजुता म्हणाली. "जो झाडाखाली बसलाय त्याला सायकल मारणाऱ्यापेक्षा जास्त शांतता हवी असते. सहा तास जागचा हलला नाही तर तीन किलोमीटर. त्याच्यावर जात नाही. थोडासा जरी हलला तरी पुन्हा चारशेवर."

 झोरेमामांच्या वाडीत रानात शिरताना हाळी घालायची पद्धत होती. जो कोणी रानात असेल त्याने उलट हाळी द्यायची. मग कोण कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असायचं. खोरं शांत करताना पहिली बंद केली ती हाळी, आणि नोटिशीवर सही ऋजुताची होती.

"म्हणजे रिकामी जागा शोधायची," फिरोज म्हणाला. "जिथे कोणालाच जाऊ दिलेलं नाही तिथे कोणीतरी आहे."

ऋजुताने मान हलवली. ती हुशार होती, आणि घाबरलेली असतानाही तिची हुशारी बिनचूक चालायची. "मुक्काम केलेले लोक सकाळीच निघालेत. दुपारी बाराला पूर्ण वाढलेलं वर्तुळ म्हणजे पहाटेपासून न हललेला माणूस. ईशान पडलाय, मोडलाय, पडून आहे. तेच वर्तुळ शोध."

असं वर्तुळ एकच निघालं. उत्तरेच्या टेकाडावर, भैरीच्या टेपावर. पुरतं तीन किलोमीटरचं, मधोमध स्वच्छ रिकामं. बाकी तीनशे त्रेपन्न वर्तुळं चारशेच्या आसपासची, मुरूमवाटांवरून सरकणारी.

"हे एक बघ," फिरोज म्हणाला. "दक्षिणेचं. हे वाटेवर नाहीये, सरळ रानातून उतरतंय. अगदी सावकाश."

"कुणीतरी फोटो काढत हिंडत असेल."

"नकाशाला आठवण ठेवायला शिकवलं असतं तर सकाळी कुठे होतं ते कळलं असतं."

"नाही शिकवलं ना! तो हलतोय, फिरोज. हलणारा माणूस धडधाकट असतो. चला मामा."

केंद्रातून सगळी कडी बंद करावीत, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण बंद करायची कळच नव्हती. कळ ठेवली की कोणीतरी पाळत ठेवणारच, असं म्हणून तीच या मुद्द्यावर बैठकीत दोन तास भांडली होती. तालुक्याच्या पोलिसांना फोन केला, तर माणसं निघायलाच दोन तास लागतील, म्हणाले.

टेपाच्या पायथ्यापर्यंत जीप अडीच तास हादरत गेली. पुढे तासभर चढण. ऋजुता पळत चढली, दोनदा घसरली, गुडघा फुटला, त्याचं तिला काही वाटलं नाही. वर पोचेपर्यंत ती मनातल्या मनात ईशानला शिव्या देत होती, लहानपणी द्यायची त्याच शिव्या. तो जिवंत असेल तरच त्या देता येणार होत्या, म्हणून ती देत राहिली.

हिरड्याच्या झाडाजवळ सायकल आडवी होती. चाकांतून गवत वाढून वाळलेलं होतं. सायकलपलीकडे खडकाला टेकून जे होतं त्याला माणूस म्हणायची सवय जायला वेळ लागतो. कपडे, हाडं आणि मनगटावर कडं. कड्याची काच उन्हाकडे होती आणि आतला हिरवा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता.

ऋजुताने खाली बसून कपडे निरखले. "हा तो नाही," ती म्हणाली आणि तिला आनंद झाला. एका मेलेल्या माणसासमोर बसून तिला मनापासून आनंद झाला, आणि त्याची तिला लगेच लाजही वाटली.

"लई दिसाचा हाय," झोरेमामा टोपी काढत म्हणाले. "येक पावसाळा खाल्लाय ह्यानं."

वर्षभर भैरीच्या टेपाबद्दल एकही तक्रार आली नव्हती. अहवालात ऋजुताने त्याला खोऱ्यातला सर्वांत यशस्वी भाग म्हटलं होतं. तिथे कोणी गेलंच नव्हतं, तक्रार कोण करणार? या माणसाची वाट बघणारं घरी कोणी नसावं. जो एकटा होता त्याला यंत्राने आणखी एकटं केलं होतं.

"बाई, येक इचारू?" झोरेमामा म्हणाले. "पाय मोडलेलं रेडकू जागंवर बसून ऱ्हात न्हाई. जीव हाय तवर कळपाकडं सरपटतं. सरपटणारा मानूस तुमच्या यंत्राला कसा दिसतो?"

 ऋजुताने वॉकीटॉकी ओढून घेतला. "फिरोज! ते दक्षिणेचं वर्तुळ. कुठे आहे आता?"

"तसंच उतरतंय," फिरोजचा आवाज आला. "मी दुपारपासून बघतोय. तासाला दीडशे मीटर. तिवरमाळाच्या तिठ्याकडे." त्याने आकडा पुन्हा पाहिला. "ऋजुता, दीडशे मीटर हे चालणं नव्हे."

तिवरमाळाचा तिठा म्हणजे खोऱ्यातली सर्वांत वर्दळीची जागा. तीन मुरूमवाटा तिथे मिळतात. ईशानला ते माहीत होतं. तिथे पोचलो की माणसं भेटतील या एकाच आशेवर तो कालपासून हात टेकत निघाला होता. आणि तो जितका जवळ जाई, तितका त्याच्यापुढे चारशे मीटरवर तिठा रिकामा होत जाई.

"आज तिथून किती जण वळवले गेले?"

"कशाला विचारतेस?"

"सांग."

"मी मोजले ते, आज दुपारपासून दोनशे सहा. एकानेही थांबून पाहिलं नाही. थरथर झाली की वळायचं, सगळ्यांना सवय झालीये."

दोनशे सहा माणसं, आणि त्यांच्यातल्या एकालाही त्याची हाक ऐकू जाणार नाही इतकं अंतर. मोजून ठेवलेलं. ईशान किती वेळ ओरडला असेल, याचा हिशेब करायला तिला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. ती रडत रडत टेप उतरली.

झोरेमामांनी जीप अशी हाकली की दोन ठिकाणी चाकं रस्त्याच्या कडेबाहेर गेली. ऊन कलायला लागलं होतं.

"फिरोज, वर्तुळ?"

"चारशे." थोड्या वेळाने, "चारशे दहा."

"दमला असेल. टेकला असेल जरा."

"हो. टेकला असेल."

जीप नाल्यात उतरली, वर आली. "पाचशे वीस," फिरोज म्हणाला. मग सहाशे.  झोरेमामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

"ऋजुता, आकडे सांगत राहू का?"

"सांगत राहा. पुन्हा चारशे झाला की मोठ्याने सांग."

फिरोज सांगत राहिला. साडेसातशे. नऊशे. अकराशे. प्रत्येक आकड्याबरोबर पुढच्या वाटांवरची माणसं मनगटावरची थरथर जाणवून गुमान वळत होती आणि जीपसाठी रस्ता मोकळा होत होता.

तिवरमाळापर्यंत अजून दोन किलोमीटर होते. रविवारची संध्याकाळ, हवा स्वच्छ, मुरूमवाटा लालभडक. उरलेल्या वाटेत त्यांना एकही सायकलस्वार भेटला नाही.