फाइलमधला प्रत्येक आवाज

आमच्या बाथरूमचं दार एके दिवशी गप्प झालं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

ते दार फार कुरकुरायचं. खालच्या सुरात सुरू होऊन वर चढायचं. आणि नेमका मुंगीचा डोळा लागला की नवऱ्याला आत जायचं असायचं. मुंगी म्हणजे आमची मुलगी, तेव्हा अकरा महिन्यांची. त्या सकाळी दार उघडलं आणि आवाजच नाही.

"तेल घातलंस?" मी विचारलं.

"मला वाटलं तू घातलंस." नवरा शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्याच्याकडे कारण तयार असतं. "हवा कोरडी झालीय. लाकूड आकसलं असेल."

"आकसू दे बाई. या घरात एक तरी जण न सांगता गप्प बसला."

आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याचा मला आता संताप येतो.

त्याच्या दोन वर्षं आधी मी टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकले होते. शब्दही माझे, चालही माझी. निवेदक माझं नाव ओरडला, वरून चमकत्या कागदांचा पाऊस पडला, त्यातला एक तुकडा तोंडात गेला. कॅमेरा समोर, थुंकणार कुठे? गिळला. मग स्टेजमागे पाच वर्षांच्या करारावर सही केली. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारी बाई मी, पण ती चाळीस पानं वाचली नाहीत.

मला वाटलं होतं, आता माझी गाणी माझ्या आवाजात लोक ऐकतील. माझ्या वाट्याला आली दुकानांची उद्घाटनं. गाणी दुसऱ्यांच्या गळ्यातून बाहेर पडली. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात लिहिलेलं कडवं पाणी शुद्ध करायच्या यंत्राच्या जाहिरातीला लावलं. बाबा गेले त्या आठवड्यातल्या माझ्या ओळी, आणि वर नळातून पडणारी निळी धार!

कंपनीच्या मॅनेजरना सगळे काका म्हणायचे. भांडायला गेलं की कळायचं, ते कुणाचेच काका नाहीत. जाब विचारला की ते हसायचे. पोटातून, जाड, हो-हो-हो करत, आणि शेवटी एक छोटा ठसका.

"अगं, गाणं म्हणजे लेक," ते म्हणायचे. "एकदा नांदायला गेली की आपली राहते का?"

दर महिन्याला एक कच्ची चाल मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायची, असा करार होता. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. काका त्याला हक्कसोड म्हणत. "या फाइलमध्ये ऐकू येणारा प्रत्येक आवाज मी कंपनीला देत आहे." ते नसेल तर फाइल परत यायची. मी पलंगावर बसून, मुंगी झोपली की, ते पाढे म्हटल्यासारखं घडाघडा म्हणायचे आणि गायला लागायचे.

पाठवलेली चाल मला नंतर आठवायची नाही. एक सूरही नाही. "बाळंतपणानंतर होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मान्य केलं. झोप नसलेल्या बाईला काहीही पटतं.

दारानंतर भिंतीवरचं घड्याळ. काटे फिरत होते, वेळ बरोबर होती, टिकटिक नव्हती. कान लावला तरी नाही.

मग वरच्या मजल्यावरचे आजोबा. त्यांची काठी जिन्यात ठकठक वाजायची. एका दुपारी दार उघडलं तर ते समोरच उभे, आणि मला चाहूलही लागली नव्हती.

"आजोबा, काठीला रबर लावलंत?"

त्यांनी काठी उचलून टोक दाखवलं. उघडं लोखंड होतं. "नाही गं पोरी. मला वाटलं, माझेच कान गेले." त्यांनी ती दोनदा फरशीवर आपटली. मी त्यांच्या मनगटाला बसणारा हिसका पाहिला. ऐकू काहीच आलं नाही.

दार लावून मी मोबाइल काढला. पाठवलेल्या शेवटच्या चार फाइली एकेक करून ऐकल्या. पहिलीत माझ्या गाण्यामागे दार कुरकुरत होतं. दुसरीत घड्याळ. तिसरीत जिन्यावरून ठकठक.

चौथी मी त्याच सकाळी पाठवली होती. त्या दिवशी मुंगी झोपत नव्हती, म्हणून तिला मांडीवर घेऊनच गायले होते. गाताना मान हलवली की माझे केस तिच्या गालाला लागत होते, आणि ती खिदळत होती.

मी स्वयंपाकघरात धावले. ती फरशीवर वाट्या मांडून बसली होती. मी टॉवेल तोंडावर घेतला आणि बाजूला केला.

"बुवाऽऽ कुक!"

तिने मान मागे टाकली. दोन दात दिसले. पोट गदगदलं, डोळे बारीक झाले. आवाज आला नाही.

"कान उत्तम, गळा उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रडते ना? मग झालं तर."

रडत होती. बडबडतही होती. फक्त हसू गेलं होतं.

"मुलं एक शिकताना दुसरं विसरतात," नवरा म्हणाला.

"दार काय शिकत होतं? काठी काय शिकत होती?" मी इतक्या जोरात ओरडले की मुंगी दचकली.

तीन आठवड्यांनी केस कापायच्या दुकानात बसले असताना टीव्हीवर कुठल्याशा विम्याची जाहिरात लागली. त्यात गाणंच नव्हतं. माझी चाल फेकून दिली होती. फक्त मुंगीचं हसू ठेवलं होतं, गुळगुळीत करून, एका परक्या बाळाच्या तोंडात बसवून.

मी ओले केस घेऊन तशीच कंपनीत गेले. लिफ्टमध्ये एकटी होते. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हक्कसोड म्हटली. फक्त एक शब्द बदलला. शब्द बदलणं हाच माझा धंदा. "या फाइलमध्ये ऐकू येणारा प्रत्येक आवाज मी मुंगीला देत आहे." मला काकांच्या तोंडून एवढंच हवं होतं : घेऊन जा. त्यांच्या कागदांनी माझं नेलं, तर त्यांच्याच शब्दांनी ते परत येईल.

मोबाइल पर्सच्या उघड्या कप्प्यात ठेवून मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"माझ्या मुलीचं हसू परत द्या."

काकांनी चष्मा काढला. "काय परत देऊ?"

"हसू. विम्याच्या जाहिरातीतलं. ते माझ्या मुलीचं आहे. मी नेणार आहे."

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग सुटलेच. टेबल हललं, पेला वाजला. "अगं, मग घेऊन जा की! कुणी अडवलंय? हो-हो-हो..." आणि ठसका.

मी पर्समध्ये हात घालून बटण दाबलं.

बाहेरच्या खोलीतला रेकॉर्डिस्ट काचेतून बघत होता. मी जाताना तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, जे घेऊन जाताय, ते एकदा ऐकून घ्या."

मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात जाळ झाला होता, आणि जिंकल्याचा आनंदही. घरी येऊन मुंगीला मांडीवर घेतलं, मोबाइल तिच्या कानाशी धरला आणि फाइल शेवटपर्यंत वाजवली. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. मग झोपली.

सकाळी ऊन पलंगावर आलं होतं. मुंगी उठून बसली होती. मी टॉवेल घेतला.

"बुवाऽऽ कुक!"

तिने मान मागे टाकली. दोन दात दिसले. पोट गदगदलं.

आवाज आला.

जाड होता. पोटातून आला होता. पलंगाची फळी त्याने हलली, आणि शेवटी मुंगीने एक छोटा ठसका दिला.

मी टॉवेल परत तोंडावर घेतला आणि तसाच धरून ठेवला.

बाथरूमचं दार उघडलेलं मला कळलं नाही. नवऱ्याचा आवाजच आला, हळू, पाहुण्याला ऐकू जाऊ नये असा.

"अगं, इतक्या सकाळी कोण आलंय?"