गादीखालची ऊब

हे वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही.

मी गाद्या शिवते, गोष्टी रचत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं आणि या हातांना लागलं, तेवढंच सांगते.

गेल्या हिवाळ्यात घडलेलं आहे. गावाबाहेर एक मोठं मैदान आहे, तिथे ट्रेलर उभे असतात. गाडीमागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची घरं. कुणी सुट्टीपुरतं येतं, कुणी वर्षानुवर्षं तिथेच राहतं. या तळाची देखभाल माझे भावजी करायचे. नळ, वीज, गळकी छपरं, सगळं तेच बघायचे. ताई आणि ते तिथल्याच एका ट्रेलरमध्ये राहत होते.

एका पहाटे ताईचा फोन आला.

"अगं, आमची गादी खालून भिजते. रोज भिजते."

मला हसू आलं. "मग भावजींना विचार, झोपेत काय करतात ते."

"चेष्टा नको गं. तू ये."

तिचा आवाज मला बरा वाटला नाही. खोकतही होती. मी दुकानाला कुलूप लावलं आणि दुपारच्या आत तिच्याकडे पोचले.

ट्रेलर आधी एका नर्सबाईंचा होता. निवृत्त झालेल्या, एकट्या. ताईचं बाळ पोटातच गेलं तेव्हा याच बाईंनी तिला लेकीसारखं सांभाळलं होतं. आदल्या हिवाळ्यात, ताई-भावजी समोरच्या ऑफिसच्या खोलीत राहत असताना, बाई झोपेतच गेल्या. वय झालं होतं, हृदय बंद पडलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. मागे कुणी नव्हतं. तळाच्या मालकाने ट्रेलर भावजींना राहायला दिला.

मी गादी उचलली.

पलंग म्हणजे एक मोठं खोकं. आत सामान ठेवायची जागा, वर प्लायवूडची फळी, फळीवर गादी. भावजी झोपायचे त्या बाजूला, कमरेच्या जागी, ताटाएवढा ओला गोल होता. ताईची बाजू खडखडीत कोरडी.

"यात भुताटकी काही नाही," मी म्हणाले. "माणूस झोपला की श्वासाची आणि अंगाची वाफ गादीत उतरते. खालची फळी गार पडलेली असते. तिला वाफ लागली की पाणी होतं. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच. गादीखालून वारा खेळता ठेवायचा, बस."

"बघा, विद्वान आल्या," भावजी दारातून म्हणाले. "मेहुणीबाई, तुमच्या दुकानात ही अक्कल किलोवर मिळते का?"

या माणसाचं आणि माझं कधीच पटलं नाही. उगाच गोड बोलून कशाला सांगू? स्वतःची चूक झाली की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, ही त्यांची जुनी खोड.

मी कामाला लागले. फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या. पट्ट्यांवर काथ्याची जाड चटई, तिच्यावर गादी. झोपताना खिडकी चार बोटं उघडी ठेवायला सांगितली. स्वयंपाकाची वाफ बाहेर जाईपर्यंत दार लावू नका, म्हटलं. मी तळाच्या ऑफिसच्या खोलीत अंथरूण टाकलं आणि निवांत झोपले.

सकाळी गादी उचलली.

ओला गोल होताच... पण कमरेशी नव्हता. पोटाच्या वर सरकला होता.

मी हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

फळीवर साचलेलं पाणी बर्फासारखं गार असायला हवं. हे पाणी कोमट होतं. तोंडाजवळ तळहात धरून श्वास सोडा, तशी ऊब.

पलंग तर तासाभरापूर्वीच रिकामा झाला होता.

"जागा बदला," मी म्हणाले. त्या रात्री भावजी ताईच्या बाजूला झोपले, ताई त्यांच्या. सकाळी ताईखालची जागा कोरडी. भावजींच्या खाली... छातीच्या जागी गोल.

मग ताईला एकटीला झोपवलं. भावजी कामावर रात्रभर बाहेर होते. मी जीव मुठीत धरून गादी उलटली.

कुठेच काही नाही. टिपूस नाही.

भावजी परत येऊन झोपले आणि पुन्हा ओल आली. आता गळ्याशी.

वर चढत होती.

मी ताईला बाजूला घेतलं. "चल माझ्याकडे. आजच्या आज."

"आणि यांना एकटं टाकू?"

"हो."

"तुझं काहीतरीच. ओल म्हणजे ओल. आणि खरं सांगू? बाई होत्या ना गं इथे. मला इथून हलावंसं वाटत नाही." ती खोकत म्हणाली. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. एकच बहीण आहे मला. तिला तिथून जिवंत, धडधाकट बाहेर काढायचं, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्याच दुपारी आम्ही दोघी बाहेर धुणं वाळत घालत होतो. स्वच्छ ऊन, कोरडी हवा. भावजी कुणाची तरी टाकी दुरुस्त करायला गेले होते. ट्रेलरमध्ये कोणीही नव्हतं.

सहज माझी नजर खिडकीकडे गेली.

काच आतून धुरकट झाली होती. पांढरी. दाट.

आम्ही बघत असतानाच... काचेवर मधोमध एक पट्टा पुसला गेला. आतून. बाहेर बघायला माणूस हाताने पुसतो, तसा.

माझ्या हातातली चादर मातीत पडली. ताई मात्र एक पाऊल पुढे गेली. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

मग आवाज आला. टक... टक... टक...

लाकडावर बोटाच्या पेराने वाजवल्यासारखा. पलंगाच्या खोक्यातून.

मला भीती वाटली की माझं डोकं फिरतं. मी तडक आत गेले, गादी बाजूला फेकली, पट्ट्या उखडल्या आणि फळी उचलली.

आत कोणी नव्हतं. जुनी बादली, दोरी, एक घडीची खुर्ची. मी सामान बाहेर ओढलं. तळाशी, कोपऱ्यात, चंदेरी टेपचा एक चौकोन दिसला. टेप ओढली. खाली फोमचे तुकडे कोंबलेले होते. गादीचा फोम, सुरीने वेडावाकडा कापलेला. बोटांनी उपसला तसा खालून गार वारा माझ्या तोंडावर आला.

जमिनीतली झडप होती ती. ट्रेलरला अशा झडपा ठेवूनच देतात. आत गॅसचा हीटर चालतो, त्याची घाण हवा निघून जावी आणि ताजी यावी म्हणून. ती कधीही बंद करायची नसते.

संध्याकाळी भावजी आले. मी फोमचे तुकडे त्यांच्यासमोर टाकले.

"हे कुणी केलं?"

"मीच," ते बेफिकीरपणे म्हणाले. "बाईंची नुसती कटकट. गादीखाली ओल येते, ओल येते. गार हवा येते म्हणून ओल येते, हे शेंबडं पोरही सांगेल. केली बंद. वरची पण केली."

"छतावरची?"

"हो."

"खिडक्या?"

"त्यांच्या फटींनाही टेप मारली. काम अर्धवट करत नाही मी."

"आणि आत रात्रभर गॅसचा हीटर चालू."

भावजींचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"पण त्या गेल्या तेव्हा छतावर टेप नव्हती," मी म्हणाले. "सगळा तळ आत जमला होता. कुणीतरी बघितली असतीच की."

दारात ताई उभी होती. हातात वाळलेले कपडे. तिने ते हळूच खुर्चीवर ठेवले.

"त्या सकाळी आधी तुम्हीच आत गेला होतात," ती म्हणाली. "बऱ्याच वेळाने बाहेर येऊन हाक मारलीत. तुमच्या बाहीला चंदेरी टेपचा तुकडा चिकटला होता. मीच सोडवला."

"अगं, घाईत..."

"बाई आत मरून पडल्या होत्या आणि तुम्ही टेप सोडवत होता?"

"मग काय फासावर जायचं होतं? मुद्दाम केलं का मी? म्हातारी होती, आज ना उद्या जायचीच!"

ताई रडली नाही, ओरडली नाही. तिने एका पिशवीत दोन साड्या भरल्या.

मी भावजींना बजावलं, "सकाळी पोलिसांत जायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"जा, सांग. कोण विश्वास ठेवतो बघू. आणि मी इथेच झोपणार. ओलीला घाबरून घर सोडणाऱ्यातला मी नाही."

तरीही मनातून टरकले असावेत. आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी सिलिंडर काढून बाहेर ठेवला. छतावरची झडप सताड उघडली. दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्या. थंडीत कुडकुडत झोपायची तयारी केली, पण हवा कुठे अडू दिली नाही.

आम्ही दोघी ऑफिसच्या खोलीत झोपलो. माझी बहीण त्या ट्रेलरबाहेर निघाली होती. खूप दिवसांनी मी डोळे मिटले आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा उजाडत होतं. ताई आधीच उठली होती. खिडकीशी बसून तिने चहा टाकला होता. खिडकीतून ट्रेलर समोरच दिसतो.

त्याच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. सगळ्या.

कालच्या उघड्या खिडक्या लागलेल्या होत्या.

आणि आवाज येत होता... टक... टक... टक...

मी ताडकन उठले. "ताई, ऐकतेस ना?"

"वारा आहे," ती म्हणाली.

झाडाचं पान हलत नव्हतं.

टक... टक... टक... आता जोरात. मग भराभर. काल दुपारी रिकाम्या खोक्यातून आला होता तोच हा आवाज. भावजी वाजवत असतील, तर धावायला हवं. पण ते नसतील तर? दार उघडून मी कुणाला बाहेर सोडणार होते?

मी कशीबशी दाराकडे वळले. ताईने माझं मनगट धरलं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली, देव जाणे.

"चहा होऊ दे," ती म्हणाली.

आवाज मंद झाला. मग एकेक. मग थांबला.

ताईने चहा गाळला. फुंकर मारत, शांतपणे प्यायली. कप विसळून पालथा घातला आणि मग उठली.

"चल आता."

ट्रेलरच्या दाराला आतून कडी लावलेली नव्हती. बाहेरूनही नव्हती. मी बोट लावताच ते उघडलं. आतून कोमट, दमट हवेचा लोट अंगावर आला. खिडक्या नुसत्याच ओढलेल्या होत्या. छतावरची झडप उघडी होती. वर आभाळ दिसत होतं.

भावजींनी फळी उखडून फेकली होती. ते पलंगाच्या खोक्यात पालथे पडले होते, तोंड जमिनीतल्या त्या झडपेला चिकटवून. नखं रक्ताळलेली. मी झडपेशी हात नेला. बाहेरचा गार वारा भरभरून आत येत होता.

हवा न मिळाल्याने गेले, असं डॉक्टर म्हणाले. बंद जागेत कोंडलेल्या माणसासारखे. पोलिसांनी झडपा तपासल्या, सिलिंडर तपासला, आम्हाला पुन्हा पुन्हा विचारलं. मी नर्सबाईंचं सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि एकमेकांकडे बघितलं.

खोटं का बोलू, भावजींसाठी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. नर्सबाईंसाठी आलं.

ताई आता माझ्याकडे असते. तिचा खोकला गेला. दुकानात बसते, गिऱ्हाइकांशी हसून बोलते. तिला सुखरूप आणलं म्हणून नातेवाईक माझं कौतुक करतात.

मध्यंतरी एकदा आम्ही गादीला खोळ घालत होतो. माझ्याने राहवलं नाही. मी विचारलं, "ताई, त्या सकाळी आवाज तुला खरंच ऐकू आला नव्हता?"

ती खोळीचं टोक ओढत राहिली.

"आला की."

"मग उठली का नाहीस?"

"बाई गेल्या त्या रात्रीही आला होता," ती म्हणाली. "असाच. मी उठून बसले होते. हे म्हणाले, वारा आहे, झोप. मी झोपले."

मग तिने सुई मागितली. मी दिली.

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. हे लिहितेय तेव्हाही ताई पलीकडच्या खोलीत गाढ झोपली आहे आणि मी कान लावून बसले आहे. मधल्या भिंतीवर कुणी वाजवलं तर या वेळी उठायचं, एवढंच ठरवलं आहे.

पण दार उघडल्यावर मला ताईच दिसेल ना, हे सांगायला कुणी नाही.